जिभेची तूट

गडहिंग्लजच्या माणसाला "कसं काय?" असं विचारलं, तर तो आधी तुमच्याकडे नीट बघून घेतो. हा खरंच विचारतोय की बोलायचं म्हणून बोलतोय, याचा अंदाज घेतो आणि मग सांगतो, "चाललंय." पोरगी डॉक्टर झालेली असो, विहिरीला भर उन्हाळ्यात पाणी लागलेलं असो, की कालच नातवाचं बारसं उरकलेलं असो, उत्तर तेच. फारच खोदून विचारलंत तर "ढकलायचं आपलं" एवढी भर पडते. प्रणोती चौगुले याच गावात जन्मली, वाढली, त्यामुळे तिला यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं. पण लग्नानंतर ती कोपनहेगनला गेली, तिथंच रमली म्हणा किंवा अडकली म्हणा, आणि तिथल्या जागतिक क्षेम परिषदेत माणसांचं सुख मोजायची नोकरी करू लागली. सुख मोजता मोजता ती आपल्या गावाची बोलायची रीत विसरून गेली.

आठवण करून दिली ती तिच्या साहेबाने. हेन्रिक नावाचा हा उंच, सभ्य माणूस बैठकीत कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी मात्र तो पडद्यावरच्या एका लाल ठिपक्याकडे बोट दाखवून वैतागला.

"या गावातली माणसं तरी खोटं बोलतात, नाहीतर आपले पट्टे तरी. जगातली सगळ्यात मोठी तूट इथं आहे. मी म्हणतो, हे गाव मोजणीतून काढून टाका."

ठिपक्याखाली गावाचं नाव होतं. प्रणोतीने ते दोनदा वाचलं.

ही तूट काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. पूर्वी देश पुढे गेला की मागे राहिला, हे तीन गोष्टींवरून ठरायचं. माणसं कमावतात किती, जगतात किती, शिकतात किती. या आकड्यांवरून ताटात जेवण आहे का एवढं कळायचं, ते गोड लागतं का हे कळत नसे. मग शहाण्या लोकांनी सरळ माणसांनाच विचारायला सुरुवात केली. समजा, दहा पायऱ्यांची शिडी आहे, वरच्या टोकाला उत्तम आयुष्य आणि तळाला वाईट, तर तुम्ही कितव्या पायरीवर? प्रश्न चांगला होता, पण प्रत्येक देशाची जीभ वेगळी. कुठं तक्रार करणं असभ्य मानतात, तिथं सगळे आठवर. कुठं बढाई मारणं वाईट, तिथं सगळे सहावर. माणसं खरं सांगत होती की रीतीचं बोलत होती, हे कुणाला कळेना.

म्हणून परिषदेने मनगटावर बांधायचा पट्टा काढला. दोन ठोक्यांमधलं अंतर निवांत माणसाच्या हृदयात सारखं थोडं थोडं बदलत असतं आणि धास्तावलेल्या माणसात ते घड्याळासारखं एकसुरी होतं. पट्टा ते टिपायचा. घामात उतरणारं ताणाचं रसायन मोजायचा, झोप मोजायचा, आणि पहिले काही दिवस त्या माणसाची नेहमीची चाल शिकून घेऊन मग त्यातला चढउतार एका हिरव्या रेषेत काढायचा. रेष वर, म्हणजे जीव स्वस्थ. तोंडाने सांगितलेली पायरी आणि शरीराने दाखवलेली रेष यांच्यातल्या फरकाला परिषदेत 'जिभेची तूट' म्हणत. ती काढली की देशादेशांची तुलना करता येई. आणि या तुटीत गडहिंग्लजने जगाचा उच्चांक मोडला होता. तोंडाने सगळे चारवर, शरीराने सगळे आभाळात.

"मी जाऊन बघते," प्रणोती म्हणाली. "माझं गाव आहे."

तिचा दुसराही एक हेतू होता. गावात तिची आई शालन एकटी राहत होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईचं रडगाणं प्रणोती रोज फोनवर ऐकायची आणि तिच्या जिवाला घोर लागायचा. आईला कायमचं कोपनहेगनला आणायचं तिने ठरवलं होतं, सगळे कागद तयार होते. आईला सुखात ठेवायचं, असं ती सगळ्यांना सांगे. दिवाळीच्या सुमाराला तिचा नवरा आशय वेगळं राहायला निघून गेला होता आणि तेव्हापासून त्या चकचकीत घरात संध्याकाळी दिवा लावायचंही तिच्या जिवावर यायचं, हे मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला तर मुळीच नाही.

"आलीस? वाळलीस की गं! तिथं खायला घालतात का न्हाई?" शालनने दारातच सुरुवात केली. "बस. पंखा लावू नको, आवाज करालाय. नळाला पाणी कवा येतंय त्याचा पत्ता न्हाई. गुडघं तर असं दुखालेत, जिना म्हटला की अंगावर काटा येतोय. गौराक्काची कोंबडी रोज माझ्या तुळशीत खेळती. कसलं मेलं हे जगणं!"

"म्हणूनच म्हणते, आई. चल माझ्याबरोबर. तिथं पाणी चोवीस तास, जिना चढायचा नाही. आशयही म्हणतो, आईंना घेऊनच ये."

शालन लेकीच्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "येतो की. हितं माझं कोन हाय?"

गडहिंग्लजच्या बायका 'येतो, जातो' असंच बोलतात, त्याचं प्रणोतीला काही नव्हतं. पण आई एका शब्दात तयार होईल असं तिला वाटलं नव्हतं. आई नको म्हणेल, मग आपण समजावू, रुसू, अशी सगळी तयारी करून ती आली होती. ती सगळी वाया गेली आणि तिला उगीचच चुकल्यासारखं झालं.

तेवढ्यात तिला आईच्या मनगटावर बांगड्यांच्या मागे परिषदेचा करडा पट्टा दिसला.

"हे कधी?"

"ते व्हय? चिठ्ठ्या टाकल्या, त्यात माझी निघाली. बाहुबली येऊन बांधून गेला. फोनवर काय सांगायचं त्यात?"

बाहुबली मगदूम हा परिषदेचा इथला माणूस. बाजारपेठेत एक खोली भाड्याने घेऊन त्याने काम थाटलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रणोती तिथं पोचली, तेव्हा त्याने सगळे हिशेब टेबलावर मांडूनच ठेवले होते.

"मॅडम, पट्ट्यात खोट न्हाई. मला पण आधी शंका आली. म्हणून माझा पट्टा बायकोला बांधला, तिचा मी बांधला. पट्ट्यांना शिकून घ्यायला दिवस दिले आणि बघितलं."

"मग?"

"मग काय, बायको सुखात हाय." बाहुबलीचा चेहरा पडला. "लग्न झाल्यापासनं मला सांगत आलीया, तुमच्या घरात येऊन माझं वाटोळं झालं. मी बिचारा मनाला लावून घेत होतो, मॅडम. एवढी वर्षं."

प्रणोतीला हसू आवरेना. मग तिने शिडीच्या उत्तरांकडे मोर्चा वळवला. सगळ्या गावात पाचाच्या वर कुणीही गेलेलं नव्हतं.

"एक गडी नऊ म्हणाला होता," बाहुबली म्हणाला. "पण घरचेच म्हणाले, त्याचं लिहू नका, तो दिवस मावळला की कायबी बोलतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन विचारलं, तर म्हणाला चार. तुम्ही कितव्या पायरीवर, मॅडम?"

"आठ," प्रणोतीने सवयीने सांगून टाकलं. कोपनहेगनला सगळे आठच सांगतात.

बाहुबलीने हातातला कागद खाली ठेवला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "का हो, मॅडम? काय झालंय?"

"काही नाही. काय व्हायचंय?" असं म्हणून तिने विषय बदलला, पण तो प्रश्न तिला घरी येईपर्यंत चावत राहिला.

घरी कट्ट्यावर मिरच्यांचा ढीग पडला होता. मार्च म्हणजे गडहिंग्लजला चटणीचा महिना. वर्षाची मिरची घ्यायची, उन्हात कडकडीत वाळवायची, देठ काढायचे, मसाला भाजायचा आणि सगळं डंकाच्या गिरणीत नेऊन कुटून आणायचं. देठ काढायला आळीतल्या बायका आळीपाळीने एकमेकींच्या कट्ट्यावर जमतात. शालनच्या कट्ट्यावर त्या दिवशी चौघी-पाचजणी नाकाला पदर बांधून बसल्या होत्या, शिंकत होत्या आणि जोरात गाऱ्हाणी सांगत होत्या. समोरच्या रंजनाची सून ऐकत नव्हती. एकीचा मुलगा सुनेचं जास्तच ऐकत होता. शेजारच्या गौराक्काला तिच्या कोंबडीवर घेतलेला आळ मान्य नव्हता. हाताची आग होत होती आणि तोंडाला खंड नव्हता.

"आई, तुझी रेष बघू?" प्रणोतीने विचारलं. पट्टा बांधलेल्या माणसाने परवानगी दिल्याशिवाय कुणाचीही रेष उघडायची नाही, असा परिषदेचा नियम होता.

"बघ की. मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई."

प्रणोतीने मांडीवर टॅबलेट उघडला आणि बघतच राहिली. मिरच्यांच्या ठसक्यात बसून नशिबाला बोल लावणाऱ्या आपल्या आईची हिरवी रेष इतकी वर होती, की तशी रेष तिने सरोवराकाठी ध्यानाला बसलेल्या माणसांचीही पाहिली नव्हती. हृदयाची चाल मोकळी, घामात ताणाचा मागमूस नाही. सगळ्यात वर ती कधी गेली होती, तर "मेलं माझं नशीबच फुटकं" असं म्हणून शालनने कपाळावर हात मारला आणि बाकीच्यांनी "व्हय बाई, व्हय" म्हणून माना डोलावल्या तेव्हा.

"आई! तू जगातल्या सगळ्यात सुखी बायकांमधली एक आहेस!"

"हळू बोल की!" शालन दचकून इकडेतिकडे बघू लागली. "गाव ऐकंल. बंद कर ते आधी."

"मग शिडीवर तीन का सांगितलंस?"

"मग काय धा सांगू?"

उत्तर गौराक्काने दिलं. "अगं पोरी, मी लई सुखात हाय म्हणून सांगत सुटलं की नजर लागती. आनि दुसरं असं, माझं लई झ्याक चाललंय म्हटलं, तर समोरच्या बाईनं काय बोलायचं? ती उठून घरला जाती. गाऱ्हाणं सांगितलं की बसती, चहा पिती, तिचं पण सांगती."

मापनशास्त्रावरची जाडजूड पुस्तकं प्रणोतीने वाचली होती, एका पुस्तकात एक प्रकरण तिने स्वतः लिहिलं होतं. दोन माणसं घाई न करता एकमेकांचं ऐकतात तेव्हा त्यांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात आणि ऐकून घेतलं जातंय हे कळताच शरीर आपली पहारेदारी सोडून देतं, हे तिला ठाऊक होतं. पण त्यासाठी ही माणसं दुःखाचा बहाणा करतात, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. इथं रडगाणं म्हणजे दुसऱ्याला घातलेलं आमंत्रण होतं. सुखी माणसाला ते परवडत होतं, म्हणून तो सढळ हाताने रडत होता. तिने तिथंच, मिरचीच्या धुळीने डोळे चुरचुरत असताना, परिषदेसाठी एक नवा प्रश्न लिहून काढला. तुमचं गाऱ्हाणं, उपाय न सांगता ऐकून घेणारी किती माणसं तुम्हाला आहेत?

त्या संध्याकाळी शालनने मीठमोहरी मुठीत घेतली आणि मनगटावरच्या पट्ट्याची दृष्ट काढली. एवढं उघड बोललं गेल्यावर तिला चैन पडणार नव्हतं.

अहवालासाठी प्रणोतीने आईच्या मागच्या महिन्यांच्या रेषाही चाळायला घेतल्या. आणि तिथं तिला तो खड्डा दिसला. दिवसभर डौलात चालणारी रेष रोज संध्याकाळी, दिवेलागणीनंतर थोड्या वेळाने, धाडकन खाली यायची आणि झोपेपर्यंत वर येत नसे. रोज. गौराक्का म्हणावी तर ती दिवेलागणीलाच घरी जाते. पाणी सकाळी येतं. टीव्हीवरची मालिका नंतर असते. गुडघे काय संध्याकाळचीच वेळ धरून दुखत नाहीत. रविवारी तो खड्डा उशिरा पडत होता. आणि मधल्या एका दिवशी तो नव्हताच.

त्या दिवशी आपण कुठं होतो, हे प्रणोतीला आठवलं. परिषदेच्या कामासाठी ती नैरोबीच्या विमानात होती आणि तिने आईला फोन केला नव्हता. रविवारी तिचं सगळंच उशिरा चालायचं, म्हणून फोनही उशिरा करायची. बाकीच्या दिवशी ऑफिसातल्या दुपारच्या कॉफीच्या सुट्टीत. गडहिंग्लजला तेव्हा दिवे लागून गेलेले असायचे.

आईच्या आयुष्यातला एकुलता एक खड्डा ती स्वतः होती.

शालन स्वयंपाकघरात चटणीसाठी खोबरं भाजत होती. प्रणोती टॅबलेट घेऊन तिच्या मागे उभी राहिली. तिने सरळच विचारलं, "आई, माझा फोन आला की तुला काय होतं?"

"काय व्हायचंय? बरं वाटतंय."

"खोटं बोलू नकोस. इथं सगळं दिसतंय."

शालनने गॅस बारीक केला. उलथनं तेवढं हातात राहिलं. "तू फोनवर काय म्हणतीस?"

"मजेत आहे म्हणते."

"रोज?"

"रोज."

"एक दिवस तरी डोकं दुखालंय म्हणालीस? भाजी करपली म्हणालीस? बारकी हुतीस तवा शाळेतनं आलीस की दप्तर टाकायच्या आत तुझं सुरू व्हायचं. बाईंनी मारलं, पेन्सिल हरवली, डबा आवडला न्हाई. कान किटायचं माझं. आता कुना परक्या बाईला सांगावं तसं 'मजेत' सांगतीस आनि फोन ठेवतीस. मग मी बसतो इचार करत. काय झालं असंल माझ्या पोरीला? कुनाला सांगत असंल?"

"तसं काही नाही गं," प्रणोती घाईघाईने म्हणाली. "खरंच मजेत आहे मी."

तिच्या हातातल्या पडद्यावर हिरवी रेष तिच्या डोळ्यांदेखत कोसळली. शेगडीजवळ उभी असलेली शालन मान हलवून पुन्हा खोबरं परतू लागली. प्रणोती त्या रेषेकडे बघत राहिली. जगभरातल्या लाखो रेषा तिने आजवर तपासल्या होत्या, पण आपल्या एका वाक्याने कुणाचं काय होतं, हे असं समोर कधी बघितलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि आईची इतकी माया आली, की तिथं उभं राहवेना.

"आई, आशय आता माझ्याबरोबर राहत नाही," ती म्हणाली. "दिवाळीपासनं."

उलथनं थांबलं.

मग धरण फुटलं. तो काय म्हणाला, आपण काय म्हणालो, त्याने जाताना पुस्तकं नेली पण कपाटाची किल्ली परत दिली नाही, तिथं शेजारी राहणाऱ्या बाईचं नावही आपल्याला ठाऊक नाही, रविवारी माणसाचा आवाज ऐकायचा म्हणून आपण उगीच दुकानात जातो, सगळं सगळं. कधी 'राहते'चं 'राहतो' झालं आणि 'नाही'चं 'न्हाई' झालं, हे तिलाही कळलं नाही. जमिनीवर फतकल मारून ती लहान पोरीसारखी रडली. शालन तिच्याजवळ बसली आणि ऐकत राहिली. मध्ये एकदाही तिने "आता असं कर" म्हटलं नाही.

टॅबलेट बाजूलाच पडला होता. रेष एकदा जोरात हादरली, थोडा वेळ थरथरली आणि मग सावकाश वर चढू लागली. लेकीचा संसार मोडल्याची बातमी ऐकून आईचा जीव निवतो, हे परिषदेच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते प्रणोतीने बघितलं आणि तिला आणखी रडू आलं.

"त्याच्या आईनं लग्नात बासुंदी पातळ केली हुती," शालन शेवटी म्हणाली. "तवाच मला संशय आलता."

रडता रडता प्रणोती हसली. करपलेल्या खोबऱ्याचा वास घरभर पसरला होता आणि दोघींपैकी कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

"तू यायला लगेच तयार कशी झालीस?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं. "एवढं सगळं सोडून?"

"तुझं तोंड बघायला. फोनात दिसतंय, पर ते तू धुऊन, हसून घेऊन येतीस. म्हटलं, घरात राहिलो तर कवातरी खरं तोंड दिसंल." तिने लेकीचे केस मागे सारले. "अजून येतो म्हटलं तर येतो. तुझ्या यंत्रात माझा आकडा पडला तर पडू दे. मला काय करायचंय त्याचं?"

ती खरोखरच आली असती. ते कळायला प्रणोतीला पट्ट्याची गरज नव्हती. आणि प्रणोतीला ती हवी होती. गेले कित्येक महिने त्या घरात शिरताना ती मनातल्या मनात आईची खुर्ची कुठं ठेवायची हे ठरवत आली होती. पण त्या खुर्चीत बसून आई कुणापुढे कपाळावर हात मारणार होती? तिथला दरवाजा कट्ट्यावर उघडत नव्हता. तो एका लांब, स्वच्छ गॅलरीत उघडत होता आणि तिथं कुणी कधी थांबत नसे.

"नको येऊस, आई," ती म्हणाली. "चार दिवस हवापालटाला ये. कायमची नको."

"आनि तू?"

"मी फोन करीन."

"मजेत म्हणायला?"

"नाही," प्रणोती म्हणाली. "रडायला."

"मग चालंल," शालन म्हणाली आणि खोबरं टाकून द्यायला उठली.

गडहिंग्लज मोजणीतून गेलं नाही. हेन्रिकने अहवाल वाचला, नवा प्रश्न वाचला आणि आधी तो आपल्याच ऑफिसातल्या माणसांना विचारून बघितला. शिडीवर आठला बसलेल्या त्या माणसांपैकी बऱ्याच जणांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघितलं. हेन्रिक स्वतः त्या दिवशी लवकर घरी गेला. पुढच्या वर्षीपासून हा प्रश्न सगळ्या देशांत विचारायचा, असं ठरलं आणि वरच्या देशांची क्रमवारी हलणार हे दिसू लागताच त्यावर वादही सुरू झाले. ते वाद प्रणोतीने मजेने ऐकले.

तोवर गडहिंग्लजची मोजणी संपून बाहुबलीने सगळे पट्टे गोळा करून नेले होते. आईच्या मनगटावर आता नुसत्या बांगड्या होत्या. तिची रेष वर आहे की खाली, हे सांगणारं काही उरलेलं नव्हतं.

एप्रिलातल्या एका दुपारी कॉफीच्या सुट्टीत प्रणोतीने फोन लावला. बाहेर गार वारा सुटला होता.

"कशी हायस?" पलीकडून आवाज आला.

"मजे..." तिची जीभ सवयीने वळली. तिने ती आवरली. रडगाणं गायची सवय मोडली होती, पहिला सूर लागेना. "काय सांगू, आई. एप्रिल आला तरी इथं गारठ्यानं हात वळत नाहीत. पाव खाऊन खाऊन जिभेची चव गेली. आणि काल ती शेजारची बाई आहे ना, तिचं नाव विचारायचं म्हणून मी मुद्दाम लिफ्टात शिरले, तर ती फोनवर बोलते आहे असं दाखवत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. फोन बंद होता गं तिचा! मला दिसत होतं!"

"आगं बाई! थांब, थांब." शालनचा आवाज लांब गेला. "गौराक्का, ये हिकडं! रंजनाला पण बोलीव. फोन मोठ्यानं लावतो, प्रणोती सांगालीया."

पलीकडे भांड्यांचा, पावलांचा, कोंबडीला हाकलल्याचा आवाज झाला. कुणीतरी कट्ट्यावर धपकन बसलं.

"भिंतीकडं तोंड?" गौराक्का कडाडली. "बाई म्हनायची का काय ती! मग गं?"

मग प्रणोतीने किल्लीचं सांगितलं. कपाट अजून उघडत नाही ते सांगितलं. आशयची आठवण येते आणि त्या गोष्टीचाही राग येतो, हे सगळ्या कट्ट्यासमोर सांगून टाकलं. प्रत्येक वाक्यानंतर तिकडून "व्हय बाई, व्हय" असा एकसुरात हुंकार येत होता. सुट्टी संपली. सहकारी टेबलावरून उठून गेले. हेन्रिकने काचेतून आत डोकावून बघितलं आणि तो हळूच दार ओढून घेऊन निघून गेला.

"आई, तू काहीच बोलत नाहीस?" मध्येच थांबून तिने विचारलं.

"ऐकालोय की," शालन म्हणाली. तिचा आवाज भिजलेला होता आणि हसतही होता. "बोल तू. आता कसं माझी पोरगी बोलाय लागल्यागत वाटतंय."